पपांच्या नाकातले तीन मिलिमीटर

पुरीमच्या सणानंतरचा दुसरा रविवार. रक्कम तीन हजार सहाशे शेकेल. हजर माणसं चार: तेल अवीवच्या एका दवाखान्यातले नाकाचे डॉक्टर, पपा, आई आणि मी. डॉक्टरांनी ही रक्कम एका चिठ्ठीवर लिहिली आणि टेबलावरून आमच्याकडे सरकवली. त्या क्षणापर्यंत पपा अशा समजुतीत होते की आपल्याला खिशातून काही द्यायचं नाही, सगळा खर्च आरोग्य फंड करणार आहे. त्यांची अशी समजूत का झाली होती, हे खोलीत फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आम्ही तेव्हा लोदला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. विमानतळ जवळ. विमानं इतक्या खालून जायची की मांडणीतली स्टीलची ताटं वाजायची. आई बोलता बोलता विमान आलं की तोंड मिटायची आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. पाहुण्यांना ते चमत्कारिक वाटे, आम्हाला नाही. पपा सुतार. मुंबईत ते फर्निचर करायचे, इथे विमानाने जाणाऱ्या मालासाठी लाकडी खोकी करण्याच्या कारखान्यात होते. हिब्रू त्यांना कामापुरती यायची, म्हणजे खिळे, फळ्या, सुट्टी आणि पगार एवढी. आई एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात होती. मी सात वर्षांची असताना आम्ही इस्रायलला आलो. धाकटी सिगल इथेच जन्मली. तिच्याशी मराठीत बोललं तर उत्तर हिब्रूत यायचं, आणि पपा त्या उत्तराकडे असे बघायचे की जणू चुकीच्या मापाची फळी आली आहे. आता माझी मुलं मला तसंच उत्तर देतात, आणि माझा चेहरा तसाच होत असावा.

शुक्रवारी सकाळी क्रिकेट असे. आमच्या बेने इस्रायल ज्यू लोकांनी कोकण सोडलं, मुंबई सोडली, पण बॅट सामानात घातली. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला काथ्याची चटई अंथरायची आणि पंचवीस-पंचवीस षटकं खेळायची. संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागायच्या आत आंघोळी व्हायला हव्यात म्हणून दुपारी दोनला खेळ बंद. शेजारचे मोरोक्कन लोक गॅलरीतून बघत आणि विचारत, "हे लोक धावणार कधी?" मी तेराव्या वर्षापासून स्कोअरर. शाळेत असताना, लष्करातून सुट्टीवर आल्यावर, सुटल्यावरही. धावांची बेरीज गोलंदाजांच्या बेरजेशी जुळली पाहिजे हा माझा हट्ट, आणि सगळी टीम त्या हट्टाला घाबरून असे. पपा नवव्या नंबरावर यायचे. त्यांचं वय तेव्हा एकावन्न, पोट चांगलं आणि पाय स्वतंत्र विचाराचे.

त्याआधीच्या सप्टेंबरातल्या सणासुदीच्या दिवसांतला तो शुक्रवार होता. मागच्या षटकात माझ्या वहीत चार धावा होत्या आणि पंच पाच म्हणत होते. ती एक धाव शोधायला मी मान खाली घातली. स्कोअररने चेंडू चालू असताना मान खाली घालू नये हे मला कुणी शिकवायला नको होतं, म्हणून इथे स्पष्ट लिहिते की चूक माझी. पपांनी त्या मोसमातला त्यांचा पहिला आणि शेवटचा चौकार मारला, आणि चेंडू एक टप्पा पडून, सीमारेषा ओलांडून सरळ माझ्या नाकावर आला. आवाज आला तो काकडी मोडल्यासारखा. मला आठवतं ते एवढंच की वहीवर लाल ठिपके पडत होते आणि ते हिशेबाच्या रकान्यात पडू नयेत म्हणून मी वही बाजूला धरली होती. पपा बॅटसकट धावत आले. आईचं आजतागायत म्हणणं आहे की त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "फोर लिहिलीस का?" पपा हे साफ नाकारतात. मी मधे पडत नाही, पण चार लिहिलेले आहेत.

तातडीच्या विभागात नाकात कापूस भरला आणि सूज उतरली की आठवड्याच्या आत परत या म्हणून सांगितलं. आम्ही गेलो नाही. सणांची गडबड होती, रक्त थांबलं होतं, आणि आई हळदीचा लेप लावत होती. तोवर हाड बसायचं तसं बसलं. नाक उजवीकडे झुकलं, डावी नाकपुडी बंद, आणि उजवीतून श्वास घेताना बारीक शिट्टी. दूध तापल्यावर येते तशी. सिगल माझ्याच खोलीत झोपायची. ती एक दिवस गादी उचलून दिवाणखान्यात गेली. वास तर गेलाच. शुक्रवारची माशाची आमटी, आमसूल आणि नारळाचा रस घातलेली, मला जिभेवर नुसती गरम आणि आंबट लागायची. आई विचारायची, "कशी झालीय?" आणि मी आठवणीतून उत्तर द्यायची.

आता जे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगते. चेंडू लागायच्या आधीपासून मला माझं नाक आवडत नव्हतं. मधोमध उंचवटा होता, पपांचा हुबेहूब. लष्करात मला पोपट म्हणायचे, आणि प्रेमाने म्हणायचे, त्यामुळे रागावताही येत नसे. पपांना मात्र त्या नाकाचा कोण अभिमान! आमचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचले, सात पुरुष आणि सात बायका, ही गोष्ट आमच्यात प्रत्येक मुलाला सांगतात. पपा त्यात भर घालायचे: "त्या सातांत एक नाक होतं. समुद्रात सगळं गेलं, पोथ्या गेल्या, हे राहिलं." आणि उंचवट्यावर बोट ठेवायचे. अशा माणसाला, ज्याच्या चेंडूने हे झालं म्हणून जो तीन आठवडे नीट जेवला नव्हता, मी काय सांगणार की मला ते नाक परत नकोच आहे?

पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो ते पपा आणि मी. डॉक्टर काही वर्षांपूर्वीच रशियाहून आलेले, हिब्रू जड पण बरोबर. पपांचं मराठी मी हिब्रूत सांगायचं, त्यांची हिब्रू मी मराठीत. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं आणि कागदावर घर काढलं: दोन बाजूंना छप्पर, वर आढं, आणि आत मधोमध एक पातळ भिंत. म्हणाले, भिंत वाकली म्हणून श्वास अडतो. पण नुसती भिंत सरळ करून चालणार नाही, वरचं छप्परही एका बाजूला सरकलंय. ते तसंच ठेवलं तर ते भिंतीला पुन्हा ओढून घेईल. आतलं आणि बाहेरचं एकाच वेळी करायला हवं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तोच पपा म्हणाले, "कळलं. मधला कूड वाकला आणि आढं घसरलं. दोन्ही एकदम ओळंब्यात घ्यायला पाहिजे. हा माणूस सुतार आहे." मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते उठून पपांशी हात मिळवून आले.

खर्चाचं असं होतं. अपघाताने झालेलं वाकडेपण आणि श्वास, यांचे पैसे आमचा आरोग्य फंड देणार होता, पण अपघाताआधी नाक सरळ होतं याचा पुरावा हवा, म्हणजे बाजूने काढलेला फोटो. इथे आमची पंचाईत झाली. आमच्या घरात फोटो म्हणजे समोर बघून, हात सरळ ठेवून, डोळे मोठे करून. लग्नं, मेंदीचे कार्यक्रम, सुंता, सगळीकडे मी समोरूनच हसत होते. पपांनी अश्केलोनपासून किर्यात मलाखीपर्यंत नातेवाइकांना फोन केले. प्रत्येकाला नाकाची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली, आणि प्रत्येकाने विचारलं, "पण फोर गेली ना?"

फोटो शेवटी अश्केलोनच्या मामांकडे सापडला. मी लष्करात जाण्याआधी आईने एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने नवसाचा मलिदा केला होता, तेव्हाचा. प्रार्थना चालू, सगळ्यांचे डोळे मिटलेले, समोर परातीत भिजवलेले पोहे, नारळ, वेलची, बदाम, वर फळं रचलेली. आणि मी बाजूला वळून परातीतला बेदाणा उचलताना सापडले होते. मागे पपा, त्याच बाजूला तोंड करून, माझ्याकडे रागाने बघताना. दोन नाकं, एकामागे एक, एकाच साच्यातून काढलेली. पपांनी तो फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि आठवडाभर हलवू दिला नाही. "बघ," ते आईला म्हणायचे, "किती सरळ. आणि वर आढं कसं!" मी ताट घेऊन स्वयंपाकघरात जेवायची.

त्या रविवारी आईही आली. पपांनी फोटो पाकिटातून काढून डॉक्टरांपुढे ठेवला, दोन्ही हातांनी, आणि मला म्हणाले, "सांग त्यांना. हे असंच पाहिजे. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही."

मी डॉक्टरांना हिब्रूत म्हणाले, "पपा म्हणतात, वाकडं ते सरळ करा, आणि आत हात घालणारच आहात तर हा उंचवटाही उतरवा."

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, जाणूनबुजून खोटी नोंद केली ती ही एकच. आईने खोकल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. डॉक्टरांचा चेहरा खुलला. म्हणाले, उत्तम, एकाच भुलीत होईल. फक्त उंचवटा जन्माचा आहे हे या फोटोतच दिसतंय, त्याचे पैसे फंड देणार नाही, तो भाग वेगळा लिहावा लागेल. मी म्हटलं, वेगळाच लिहा, फंडाच्या पैशात तो नको. आणि पपांना मराठीत सांगितलं, "म्हणतात, सगळं ठीक आहे, फंड देईल."

मग डॉक्टरांनी फोटोवर पारदर्शक कागद ठेवला, पेन्सिलीने माझ्या नाकाची रेघ काढली, आणि तिच्या आतून दुसरी रेघ काढली, सरळ, उंचवट्याशिवाय. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. हिब्रू न येणाऱ्या माणसापासून बोलणं लपवता येतं. पस्तीस वर्षं नकाशे वाचून लाकूड कापणाऱ्या माणसापासून रेघ लपवता येत नाही.

"हे काय?" पपा म्हणाले. "आढं खाली का उतरवलं?"

डॉक्टरांना वाटलं की ते किंमत विचारतायत, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून सरकवली. आकडे तर सगळ्या भाषांत सारखेच.

"तीन हजार सहाशे. हे कशाचे?"

"पपा, ते मी सांगितलं. तुम्ही नाही. मीच."

पपांनी फोटो उचलून पाकिटात घातला, चिठ्ठीची चौकोनी घडी केली, डॉक्टरांना "तोदा" म्हणून आभार मानले आणि बाहेर गेले. बसमध्ये ते एकटे ड्रायव्हरच्या मागे बसले. आई माझ्याजवळ बसली. बस रामला शहरात शिरली तेव्हा म्हणाली, "मला तिथंच सगळं कळलं हो. बालवाडीत तेरा वर्षं भांडी घासली ती काय मराठीत? नाक तुझं आहे, फ्लोरी, काय करायचं ते कर. पण बापाच्या तोंडातून आपले शब्द काढू नयेत." त्या आठवड्यात पपा माझ्याशी मीठ दे, दार लाव, एवढंच बोलले. मला ऑपरेशनची भीती वाटत नव्हती. भीती ही होती की ते आता मला बघतील तेव्हा त्यांना मी काय टाकून देतेय तेवढंच दिसेल.

शुक्रवारी मॅच होती. मी गेले नाही. पपा अडीचला घरी आले, बॅट दाराशी ठेवली, आंघोळ केली. आई नारळ खवत होती, सिगल टेबलावर चादर घालत होती. पपांनी हत्यारांच्या पिशवीतून घडीची मोजपट्टी काढली आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"किती उतरवणार म्हणाला तो?"

"तीन मिलिमीटर."

त्यांनी पट्टीवर तीन रेघांशी अंगठ्याचं नख टेकवलं. उजेडाकडे धरून बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"तीन मिलिमीटरसाठी बापाशी खोटं बोललीस? हे रंध्याचे चार हात. मला सांगितलं असतंस तर घरीच—"

"अजिबात नको!" आई विळीवरून ओरडली. "तुमची कारागिरी बघितली सगळ्या मैदानाने."

सिगल हिब्रूत म्हणाली की पपांनी दुसऱ्या बाजूने एक फोर मारली तर फुकटात सरळ होईल. पपांनी तिच्याकडे बघितलं, आणि या वेळी फळी मापाची निघाली असावी, कारण ते हसले. पण पट्टी त्यांनी मिटली नाही.

"आणि बाकीचं?" ते मला म्हणाले.

"बाकीचं काय?"

"माझ्याकडनं आलेलं. त्यातलं आणखी काही उतरवायचंय?"

"नाही पपा. मोजमाप तुमच्याकडनं आलंय. ते ठेवणार."

एक विमान गेलं. ताटं वाजली. आईने खवणं थांबवलं आणि विमान गेल्यावर पुन्हा सुरू केलं. मी म्हटलं की लष्करातून सुटताना मिळालेले पैसे माझ्याकडे आहेत, उंचवट्याचा खर्च मी करते, खोटं मी बोलले. पपांनी मान हलवली. "वाकडं माझ्या चेंडूने झालं. उंच माझ्या घरचं आहे. दोन्ही काम माझं, तर मजुरी दुसऱ्याने का द्यायची?" मग त्यांनी पट्टी मिटली. "आणि चौदा वर्षांची असताना सांगायचं होतंस. मला काय, मलाही पोपटच म्हणायचे शाळेत. मराठीत."

ही गोष्ट त्यांनी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, आईलासुद्धा. आता ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि ती सगळ्यांना सांगतात. माझ्या मोठ्या मुलाला तो उंचवटा जसाच्या तसा आला, आणि पपा त्याची ओळख करून देताना म्हणतात, "माल परत आला."

ऑपरेशन पेसाहच्या सणानंतर झालं, अडीच तास. जागी झाले तेव्हा तोंड कोरडं, नाकावर पांढरा साचा, डोळ्यांखाली जांभळे अर्धे चंद्र. आईने नवस बोलला होता तो श्वासापुरता. उंचवट्यासाठी वेगळा बोलावा लागेल की त्याच मलिद्यात चालेल, असा तिला प्रश्न पडला होता. तिने खबरदारी म्हणून एक डझन केळी वाढवली.

आठव्या दिवशी साचा काढायला पपा बरोबर आले, कारखान्यातून परस्पर. डॉक्टरांनी आतल्या पट्ट्या ओढून काढल्या. मला वाटलं त्या संपतच नाहीत. मग म्हणाले, "श्वास घे." थंड हवा दोन्ही बाजूंनी आत गेली, आवाज न करता, थेट कपाळापर्यंत. आणि हवेबरोबर वास आला: लाकडाचा भुसा आणि सरस. पपा माझ्या अगदी जवळ उभे होते. सात महिने ते रोज संध्याकाळी त्या वासासकट घरी येत होते आणि मला पत्ता नव्हता. मी आणखी दोनदा श्वास घेतला. डॉक्टरांनी आरसा दिला आणि सूज पूर्ण उतरायला वर्ष लागेल, आज काही ठरवू नकोस, म्हणून बजावलं. पपा वाकून बाजूने बघत होते, एक डोळा मिटून, फळीची धार बघतात तसे.

"ओळंब्यात आहे," ते म्हणाले.

मग आम्ही खाली पैसे भरायला गेलो. अर्धी रक्कम आधी आईने येऊन दिली होती. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, उरलेल्याचे किती हप्ते करू? इथे टोस्टरसुद्धा हप्त्याने घेतात. पपांनी पाकिटातून नोटा काढून खिडकीत ठेवल्या. तिने मोजल्या, पावती लिहायला घेतली, मग थांबून पपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पपांकडे, आणि हिब्रूत विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

हा प्रश्न आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा विचारला गेला होता. तोवर बसमध्ये, बाजारात, प्रार्थनेच्या जागी, लोक बघूनच ओळखायचे. मी उत्तर द्यायला पुढे झाले, पण पपांनी हात आडवा धरला. या वेळी त्यांना दुभाषी नको होता. त्यांनी खिडकीत तोंड घालून, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, हिब्रूत सांगितलं, "अब्बा!" आणि ती लिहीपर्यंत तिथेच वाकून राहिले, बरोबर लिहिते की नाही ते बघत.

एकूण दिले ते तीन हजार सहाशे शेकेल, दोन वेळा अठराशे, रोख, दवाखान्याच्या खिडकीवर. वाकडेपणाचे आणि श्वासाचे पैसे फंडाने परस्पर दिले. पावती पपांच्या नावावर आहे. नात्याच्या रकान्यात "वडील" असं लिहिलं आहे, आणि ते अक्षर शाईने दोनदा गिरवलेलं आहे, कारण पपांनी तिला ते पुन्हा, जरा ठळक, लिहायला लावलं.